‘अॅनिमल हाऊस’ची चावी देण्याआधी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

माझा भाचा नुकताच आपल्याच जिल्ह्यातल्या एका कॉलेजात ठेकेदारामार्फत शिपाई म्हणून लागला. पहिल्या दिवशी त्याला व्हरांडा झाडायला लावलं. दुसऱ्या दिवशी हातात चाव्यांचा जुडगा दिला आणि सांगितलं, "मागं अॅनिमल हाऊस आहे, उंदरांचं खाणंपाणी बघ, दोन ससे पण आहेत." संध्याकाळी पोरगं माझ्या दारात उभं, बोटाला चिंधी गुंडाळलेली. म्हणाला, "मामा, पांढरा उंदीर पण चावतो व्हय?"

हसू आलं, पण लगेच पोटात कालवलं. अॅनिमल हाऊस म्हणजे प्रयोगांसाठी प्राणी ठेवतात ती खोली. १९८६ साली मी नेमका असाच त्या खोलीत शिरलो होतो. पुढं २०१७ साली निवृत्त होईपर्यंत प्रयोगशाळा परिचर म्हणून तिथंच राहिलो. कॉलेजची पोरंपोरी मला ‘उंदीरमामा’ म्हणायची. त्याचं मला कधी वाईट वाटलं नाही.

वाईट वाटतं ते एका सशाचं. लागून आठ दिवस झाले होते. पिंजरा धुवायचा म्हणून मी ससा कानाला धरून उचलला. गावाकडं शिकारीचा ससा कानाला धरूनच आणलेला बघितला होता, दुसरं काही माहीत नव्हतं. त्यानं हवेत एक जोराची लाथ झाडली आणि एकदम गप्प झाला. मला वाटलं, बरं झालं, शांत झाला. दुसऱ्या दिवशी सकाळी बघतो तर मागचे दोन्ही पाय फरफटत पुढच्या पायांवर सरकत होता. पशुवैद्यक डॉक्टर आले, त्यांनी पाठीवरून हात फिरवला आणि सांगितलं, कणा मोडलाय. सशाचे मागचे पाय दणकट, हाडं मात्र हलकी. ढुंगणाखाली आधार दिला नाही तर स्वतःच्याच लाथेनं तो स्वतःचा कणा मोडून घेतो. एक हात मानेमागच्या सैल कातडीला, दुसरा खालून, आणि अंगाशी धरायचा. हे दाखवायला त्यांना दोन मिनिटंसुद्धा लागली नाहीत. मग त्यांनी सशाला इंजेक्शन देऊन झोपवलं. मला कुणी रागावलं नाही, कागदावर ‘मृत, १’ एवढंच लिहिलं गेलं.

डॉक्टर चांगले होते. मीच पुढं त्यांच्या मागं लागलो आणि एकेक गोष्ट वहीत लिहून घेतली. पाण्याची बाटली पिंजऱ्यावर उलटी लावली की तोटीला बोट लावून थेंब येतो का बघायचं. आत हवा अडकली तर बाटली भरलेली दिसते आणि उंदीर रात्रभर तहानलेला राहतो. सकाळी येणारा म्हणतो, पाणी तर आहे की! आमच्याकडं शिराळ्याच्या बाजूच्या भातगिरणीतून तूस यायचं, ते पिंजऱ्यात अंथरायचो. ते वेळेवर बदललं नाही तर मुताचा अमोनिया साठतो. माणूस वरून वाकून बघतो, त्याला थोडा वास येतो. उंदराचं नाक मात्र त्या तुसातच असतं. गिनीपिगच्या अंगात माणसासारखंच क जीवनसत्त्व तयार होत नाही, ते खाण्यातून द्यावं लागतं, उंदराचं खाणं त्याला घालून भागत नाही. रात्री खोलीत अंधार पाहिजे. आमचा एक रखवालदार भीती वाटते म्हणून आतला दिवा रात्रभर चालू ठेवायचा आणि इकडं सगळे डोकं खाजवत होते, उंदरांची वीण का बिघडली म्हणून.

आणि आवाज. गणपती विसर्जनाला मागच्या रस्त्यानं डॉल्बी गेला, त्या रात्री एका मादीनं आपली सगळी पिल्लं खाल्ली. घाबरलेली उंदरीण असं करते, हे मला त्या दिवशी कळलं. त्या डॉल्बीवर आपल्याकडं माणसांच्या कानांसाठीच कुणी बोलत नाही, उंदरांचं काय घेऊन बसलात, हे मलाही मान्य आहे.

कुणी म्हणेल, हा भूतदयेचा विषय झाला. नुसता तो नाही. घाबरलेल्या जनावराचं रक्तदाब, रक्तातली साखर सगळंच वर जातं. त्यावर तोलून बघितलेल्या औषधाचा आकडा खरा कसा धरायचा? २०१० साली इंग्लंडमधल्या लिव्हरपूल विद्यापीठातल्या संशोधकांनी दाखवलं की लहान उंदराला शेपटीला धरून उचललं तर तो माणसाला भितो. नळकांड्यात घेऊन किंवा ओंजळीत उचललं तर तेवढा भीत नाही. आमच्याकडं शेपटीशिवाय दुसरी पद्धत कुणाला माहीत नव्हती. म्हणजे पीएच.डी.च्या विद्यार्थ्यानं प्रयोग सुरू करायच्या आधीच तो माझ्या हातानं बिघडत होता आणि त्याला किंवा मला त्याचा पत्ता नव्हता.

२००५ च्या महापुरात तर हद्द झाली. पाणी आवारात शिरलं, लाइट गेली. मी आणि एक रखवालदार, दोघांनी कंदिलाच्या उजेडात पिंजरे वर लायब्ररीत नेले. जनावरं वाचली. पण पिंजऱ्यांवरच्या चिठ्ठ्या भिजून गळून पडल्या आणि कुठला उंदीर औषधाचा, कुठला बिगरऔषधाचा, काही कळेना. एका मॅडमचे सात महिने पाण्यात गेले. पूर आला तर कोणता पिंजरा आधी उचलायचा, खुणा कशावर करायच्या, हे आम्हाला आधी कुणी सांगितलंच नव्हतं. २०१९ ला सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली तेव्हा मी घरी होतो, पण रात्रभर मला ती खोलीच आठवत होती.

आता कायद्याचं. प्राण्यांना क्रूरतेनं वागवण्यास प्रतिबंध करणारा कायदा १९६० चा आहे. प्रयोगांवर देखरेखीसाठी त्यात केंद्राची समिती आहे, जिला आम्ही ‘सीपीसीएसईए’ म्हणायचो, आता ‘सीसीएसईए’ म्हणतात. १९९८ चे नियम आहेत. संस्थेत नैतिक समिती असते, तिच्यात पशुवैद्यक आणि बाहेरचा सदस्यही बसतो. संस्थेतल्या प्रयोगांची जबाबदारी संस्थाप्रमुखावर टाकावी, हेही कायद्यात आहे. आणि केंद्रीय समितीच्या मार्गदर्शक सूचनांत चक्क लिहिलंय की प्रशिक्षित माणसं नेमा, नाहीतर नेमलेल्यांना रीतसर आणि कामावर असताना शिकवा. म्हणजे कागद कमी नाहीत. पण मी बघितलं ते असं, की कार्यशाळेला सर आणि मॅडम जातात. ती इंग्रजीत असते. सर्टिफिकेट केबिनमध्ये लागतं. आणि रविवारी, दिवाळीत, मे महिन्यात बाहेर ४० अंश असताना त्या खोलीत असतो तो सातवी-दहावी शिकलेला शिपाई. खोलीचं तापमान १८ ते २९ अंशांत ठेवा असं सूचनांत आहे. थर्मामीटर भिंतीवर असतोही, पण पारा वर गेला तर करायचं काय, ते त्याला कोण सांगणार?

युरोपात, युरोपीय संघाच्या २०१० च्या निर्देशानुसार प्रयोग करणाऱ्यांबरोबर नुसती निगा राखणाऱ्यालाही आधी शिक्षण घ्यावं लागतं आणि त्याला काम जमतं हे सिद्ध होईपर्यंत दुसऱ्याच्या देखरेखीखाली राहावं लागतं. आपल्याकडं एसटीच्या ड्रायव्हरला शिकवल्याशिवाय गाडी देत नाहीत. इथं जिवंत प्राण्यांची खोली चावीसकट देऊन टाकतात.

माझं मागणं एवढंच आहे. विद्यापीठांनी आणि कॉलेजांनी चावी द्यायच्या आधी शिकवणं सक्तीचं करावं, ते मराठीत असावं आणि ठेकेदाराच्या माणसालाही लागू असावं. ठेकेदाराची माणसं सहा-सहा महिन्यांनी बदलतात, म्हणून त्यांना शिकवत नाहीत. खरं तर म्हणूनच शिकवायला पाहिजे. परीक्षा कागदावर नको. डॉक्टरांसमोर ससा उचलून दाखवला, बाटलीचा थेंब तपासून दाखवला, की झाली पास. आणि त्यातच माणसाच्या जिवाचंही सांगावं. मला दोन वर्षं सारख्या शिंका यायच्या, रात्री छाती घुरघुरायची. सर्दी म्हणून काढे पीत राहिलो. मिरजेच्या एका डॉक्टरांनी विचारलं, काम काय करता? तेव्हा कळलं की उंदरांच्या मुतातून आणि त्यांच्या अंगावरच्या कोंड्यातून अॅलर्जी होते आणि साधा मास्क, हातमोजे सुरुवातीपासून वापरले असते तर बराच त्रास वाचला असता.

प्राणीशास्त्रातली चिरफाड थांबवा असं यूजीसीनं, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगानं, २०१४ मध्येच सांगितलं, कॉम्प्युटरवर बरंच शिकता येतं, चांगलंच झालं. पण औषधांच्या संशोधनासाठी प्राणी अजून आहेत, म्हणजे ती खोलीही आहे. बैलगाडा शर्यतींचा निकाल आला तेव्हा आपल्याकडं चौकाचौकात चर्चा झाली. कॉलेजच्या मागच्या खोलीपर्यंत कुणाची नजर जात नाही.

भाच्याला मी धनुर्वाताचं इंजेक्शन देऊन आणलं आणि माझी वही दिली. गेल्या रविवारी त्याच्यासोबत बाहेरच्या गेटपर्यंत गेलोही, पण परवानगी नाही म्हणून मला आत सोडलं नाही. ते बरोबरच आहे, बाहेरचा माणूस आत जाऊ नये. मग गेटवरच पिशवीतली बाटली काढून थेंब कसा बघायचा ते दाखवलं. जिल्ह्यातल्या कुठल्याही कॉलेजला हवं असेल तर मी शिकवायला फुकट येईन. भाड्याचीही काळजी नको, एसटीत मला अर्धं तिकीट आहे.

आपला,
एक निवृत्त प्रयोगशाळा परिचर, विश्रामबाग, सांगली
(भाच्याची नोकरी नवी आहे. कृपया नाव छापू नये.)