पेटी उघडण्याआधी हे वाचा, बाबा

श्टुटगार्ट, रविवार

ती. आई-बाबांस,
शि. सा. नमस्कार.

रोज फोनवर बोलणं होतं तरी पत्र लिहितेय, कारण मशीनचा विषय काढला की बाबा "हो हो, माहितीये मला" म्हणतात आणि फोन आईच्या हातात देतात. म्हणून हे तुमच्यासाठी पाठवलेल्या ड्रिलच्या पेटीत, मशीनच्या वरच ठेवलंय.

आधी आईचं. माझ्या अंगठ्याची पट्टी तू व्हिडिओवर पाहिलीस, तेव्हापासून तुझा आवाज उतरलाय. टाके पडलेले नाहीत गं. बॅटरी न काढताच मी ड्रिलचं बिट, म्हणजे भोक पाडायचं टोक, बदलत होते. बोट ट्रिगरवर दाबलं गेलं, चक (बिट धरणारा जबडा) फिरला आणि बिटच्या धारेने कातडी सोलली. परदेशात एकटी राहते म्हणून नाही झालं, घाई केली म्हणून झालं. आता आधी बॅटरी काढून टेबलावर ठेवते, मगच चकला हात लावते. जेवण वेळेवर असतं, स्वेटर पुरेसे आहेत. तू काळजी करू नकोस.

आज लिहायला वेळ मिळाला तो रविवारमुळे. स्वयंपाकघरातली दुसरी फळी भिंतीला टेकवून ठेवलीय, मशीन चार्ज आहे, पण आज भोक पाडायचं नाही. हे नीट सांगते, कारण मला स्वतःला ते कळायला वर्ष गेलं. इथे रविवार म्हणजे शांततेचा दिवस, आणि तो नुसत्या रीतीपुरता नाही. यांच्या १९१९ च्या राज्यघटनेत रविवार विश्रांतीचा म्हणून राखलेला होता, ते कलम १९४९ च्या घटनेतही तसंच ठेवलं. रविवारी दुकानं बंद असतात. काचेच्या बाटल्यासुद्धा चौकातल्या डब्यात टाकायच्या नाहीत, खळकन आवाज होतो म्हणून. शिवाय आमच्या इमारतीच्या नियमांत रोज दुपारी १ ते ३ आणि रात्री १० ते सकाळी ६ शांतता. पहिल्या वर्षी मी एका रविवारी ड्रिल लावलं, तर खालच्या मजल्यावरच्या आजी वर आल्या. रागावल्या नाहीत, दारात उभं राहून हळूच म्हणाल्या, "उद्या कर." मला इतकं ओशाळल्यासारखं झालं! मग आपली आजी आठवली. तिचा दुपारी डोळा लागला की बाबा खिळासुद्धा ठोकू द्यायचे नाहीत.

बाबा, आता तुमचं. दादाच्या साखरपुड्याला हॉलमध्ये माळांसाठी हूक लावायचे म्हणून तुम्ही माळ्यावरचं जुनं वायरवालं ड्रिल काढणार, हे आईने सांगितलं. ते काढू नका. त्याची वायर प्लगपाशी उघडी पडलीय, मागच्या वेळी मी स्वतः पाहिलंय. पेटीतलं हे १८ व्होल्टचं आहे, बॅटरीसकट दीड-दोन किलो, तुमच्या खांद्याला झेपेल. आणि याची सगळ्यात मोठी सोय म्हणजे याला भिंतीतली वीज लागत नाही. त्यामुळे भोक पाडताना त्या खोलीचा एमसीबी पाडून ठेवता येतो. इन्व्हर्टरही बंद करा, नाहीतर मेन पाडूनही त्याची लाइन चालूच राहते. तरीसुद्धा स्विचबोर्डच्या सरळ वर, खाली किंवा आडव्या रेषेत भोक पाडू नका, आतली वायर तिथूनच गेलेली असते. दिवसाउजेडी करा, म्हणजे दिवा लागणार नाही.

विटेच्या भिंतीला हातोडीच्या खुणेवर ठेवा, बाथरूमच्या टाइलला मात्र हॅमर अजिबात नको, तडा जातो. टाइलवर चिकटपट्टी लावून हळू सुरुवात करा, म्हणजे बिट घसरत नाही. कॉलममध्ये किंवा बीममध्ये याने जोर लावू नका, त्याला मोठं मशीन लागतं. बिट आत अडकलं तर मशीन मनगट पिळतं, म्हणून बाजूची मूठ लावूनच धरा. स्क्रू पिळताना पुढची आकड्यांची कडी लहान आकड्यापासून वाढवत न्या. चष्मा आहे म्हणून गॉगल टाळू नका, पेटीत ठेवलाय, चष्म्यावरून बसतो. हातमोजे मात्र नको, फिरत्या बिटमध्ये ओढले जातात. आई, तू जवळ उभी राहणार असशील तर पदर खोचून घे.

बॅटरीचं एकच लक्षात ठेवा: तिला ऊन सोसत नाही. गॅलरीत ठेवू नका, उन्हाळ्यात तर मुळीच नाही. वापरून गरम झाली की निवू द्या, मग चार्जिंगला लावा, आणि रात्रभर लावून झोपू नका. महिनोन्‌महिने काम नसेल तर अर्धी भरलेली, मशीनमधून काढून, कपाटात ठेवा. खिळ्यांच्या डब्यात टाकली आणि टोकांना खिळा लागला तर शॉर्ट होते. फुगलेली दिसली तर परत चार्ज करायची नाही. काम झालं की मशीनच्या फटींतली धूळ कोरड्या ब्रशने झाडा.

एक गंमत तुमच्यासाठी राखून ठेवली होती. बोहरी आळीतल्या हार्डवेअरच्या दुकानात आपण "आठचे फिशर द्या" म्हणून मागतो ना, ते एका माणसाचं आडनाव आहे! आर्टुर फिशर. त्यांनी १९५८ मध्ये भोकात स्क्रू घट्ट बसवणारा तो नायलॉनचा करडा प्लग काढला, आणि त्यांचं गाव इथल्याच ब्लॅक फॉरेस्टमधलं. पेटीत सहाचे आणि आठचे घातलेत.

मी अजूनही भोकाखाली जुनं पाकीट उघडून चिकटवते, तुम्ही शिकवलं तसं. भुकटी त्यात पडताना बघितली की मी आठ वर्षांची होते आणि स्टूल धरून उभी असते. फक्त आपली भुकटी लाल पडायची, इथली पांढरी पडते.

आता जे फोनवर बोलवलं नाही ते. साखरपुड्याला मला येता येत नाहीये. राहण्याच्या परवान्याचं नूतनीकरण आहे आणि तारीख त्याच आठवड्यातली मिळालीय, ती सोडली तर पुढची कधी मिळेल भरवसा नाही. दादाला मी कळवलंय, तो काही बोलला नाही. लग्नाला १५ दिवस आधी येते, तिकीट काढून झालंय. हॉलचे पैसे या महिन्यात तुमच्या खात्यात जमा होतील, बाबा, एफडी मोडू नका. आणि आई, नाशिकच्या स्थळाला नाही म्हणत नाहीये मी. दादाचं होऊ दे, मी तिथे आले की समोरासमोर बसून बोलू. फोटो पाहिलाय.

तुमची,
चिमी

ता. क. बॅटरी पेटीत नाही. विमानात सुटी बॅटरी हातातल्या सामानातच न्यावी लागते, म्हणून पेटी घेऊन येणाऱ्या मैत्रिणीच्या पर्समध्ये आहे, आठवणीने मागून घ्या. आणि ते स्टूल डुगडुगतं, त्याच्या एका पायाखाली मी लावलेला पुठ्ठा आता झिजला असेल. खालच्या काकांची शिडी आणा आणि दादा घरी असतानाच चढा, तो धरेल.