‘फोन काकूंकडे द्या’ म्हणणाऱ्या ताईंना

प्रिय ताई,

सप्रेम नमस्कार.

आमच्या दोघांच्याही पासपोर्टवर थायलंडमधल्या वर्षभराच्या मुक्कामाचा शिक्का बसला. फोनवर सांगितलंच, पण फोनवर तुम्ही कुणाला धड आभार मानू देत नाही. ‘असू द्या हो काकू’ म्हणता आणि लगेच ह्यांच्या शुगरवर जाता. म्हणून हे पत्र, आणि तेही चारचौघांत. आमच्या वयाचे बरेच जण सध्या ह्याच खटाटोपात आहेत, त्यांनीही वाचावं. नाव छापायचं नाही अशी तुमची सक्त ताकीद, तेव्हा नुसतं ‘ताई’.

हे पूर्वी थायलंडात आंग थोंगला रेयॉनच्या कारखान्यात होते. मी इचलकरंजीत शाळेत शिकवत होते, पुढे स्वेच्छानिवृत्ती घेऊन मागाहून गेले. त्या काळात व्हिसा हा आमच्या घरात विषयच नव्हता. कंपनीचा माणूस पासपोर्ट न्यायचा आणि शिक्का मारून आणून द्यायचा. आता सत्तरीत पुन्हा काही वर्षं तिकडे, हुआ हिनला समुद्राकाठी काढावीत असं दोघांच्या मनाने घेतलं, तेव्हा कळलं की म्हाताऱ्यांसाठी थायलंडची दारं पुष्कळ आहेत आणि प्रत्येक दारात एकेक एजंट बसलाय.

एकाने पाच वर्षांचा व्हिसा देणारं सभासद कार्ड पुढे केलं. सर्वांत स्वस्त म्हणजे 6 लाख 50 हजार बाथ, एकदा भरले की गेले. विमानतळावर गाडी न्यायला येते म्हणे. आम्हाला विमानतळावर राहायचं नव्हतं हो! दुसऱ्याने दहा वर्षांच्या व्हिसाचं चकचकीत माहितीपत्रक पाठवलं. त्यात बारीक अक्षरांत वर्षाला 80,000 डॉलरचं उत्पन्न लिहिलेलं. एका शिक्षिकेचं पेन्शन किती असतं हे विचारायची तसदी त्याने घेतली नव्हती. तो नाही तर दुसरा दहा वर्षांचा, ओ-एक्स नावाचा आहे म्हणाला. तो मोजक्या 14 देशांच्या नागरिकांसाठी आहे आणि त्यात भारत नाही, हे आम्हाला तुमच्याकडून कळलं.

तिसरा मात्र मनाला लागला. त्याने निवृत्तांसाठीचा ओ-ए व्हिसा सुचवला. भारतातूनच काढायचा, पोलिसांचा दाखला द्यायचा, क्षय, कुष्ठरोग, हत्तीपाय नाही असं डॉक्टरांकडून लिहून आणायचं. ते सगळं आम्ही धावपळ करून जमवलं. आगाऊ रक्कम त्याच्या खिशात गेल्यावर त्याने सांगितलं, की ह्याला 30 लाख बाथचा आरोग्यविमा लागतो. ह्यांचं वय बहात्तर, हृदयात दोन स्टेंट. कुठली कंपनी उभी करणार? ‘काकांचं वय बसत नाही, त्याला आम्ही काय करणार?’ म्हणून तो मोकळा. वय आम्ही पहिल्याच भेटीत सांगितलं होतं, त्याने स्वतःच्या हाताने लिहून घेतलं होतं. ते पैसे अजून परत आलेले नाहीत. चौथा तर म्हणाला, खात्यात रक्कम नसली तरी चालेल, आम्ही ‘दाखवू’. त्याला ह्यांनी दारातूनच परत पाठवला.

ह्या सगळ्यांत एक गोष्ट सारखी होती. बोलणं फक्त ह्यांच्याशी. मी चहा ठेवून बसले की ‘मॅडमना काही विचारायचं असेल तर सर सांगतील’. बत्तीस मुलांचा वर्ग सांभाळलेली बाई मी, दर नोव्हेंबरात हयातीचा दाखला माझा मी देते, पण ह्यांच्या कागदांवर ‘सोबत पत्नी’ एवढीच माझी ओळख.

मग ओळखीच्या ओळखीतून तुमचा नंबर मिळाला. ह्यांनी सवयीप्रमाणे कारखान्यातला अहवाल वाचावा तसं सगळं सांगितलं. तुम्ही शेवटपर्यंत ऐकून घेतलंत. आणि म्हणालात, ‘काका, एक मिनिट. फोन जरा काकूंकडे द्या.’

ताई, ह्या एका वाक्यासाठी हे पत्र आहे. बाकी मदत तुम्ही डोंगराएवढी केलीत, पण मला रोज आठवतं ते हे.

मी कोथिंबीर निवडत होते. हात पुसून फोन घेतला, तोवर ह्यांनी स्पीकर लावलेला. तुम्ही विचारलंत, तुम्हाला स्वतःला तिकडे राहायचंय ना, की काकांना हौस म्हणून? मग विचारलंत, तुमचे पैसे तुमच्या नावावर आहेत का? आणि नंतर, ‘सकाळी दूध कधी येतं’ असं विचारावं तितक्या साध्या सुरात, ‘काकांच्या माघारी तुम्ही तिथेच राहणार, की परत येणार?’

आमच्याकडे हा प्रश्न कुणी विचारत नाही. विचारलाच तर ‘अभद्र बोलू नकोस’ म्हणून गप्प करतात. भावाने नाही विचारला, मुलाने नाही. मी ह्यांच्याकडे पाहिलं. ह्यांनी माझ्या पुढ्यातली जुडी ओढून घेतली, मान खाली घालून देठं मोडायला लागले आणि म्हणाले, ‘सांग की. बरोबर विचारतायत त्या.’ मी म्हटलं, राहीन. स्वतःच्या तोंडून ते मी पहिल्यांदाच ऐकलं.

पुढचं तुम्ही इतकं सरळ करून सांगितलंत की एवढ्यासाठी लोक फी का घेतात कळेना. ह्यांच्या व्हिसावर पत्नी म्हणून गेले तर माझं राहणं ह्यांच्या राहण्याला बांधलेलं. ह्यांचं काही झालं की माझीही परवानगी संपली. वर ह्यांचं थाई बँकेतलं खातं गोठणार, कोर्टाने वारसाची व्यवस्था लावून देईपर्यंत त्यातला एक बाथ मला मिळणार नाही. म्हणून दोघांनी आपापल्या वयावर, पन्नाशीपुढच्यांसाठी असतो तो साधा नॉन-ओ घ्यायचा. आधी 90 दिवसांचा, मग तिकडेच वर्षाची मुदतवाढ. त्यासाठी प्रत्येकाच्या स्वतःच्या खात्यात 8 लाख बाथ. दुप्पट पैसे अडकतात खरे, पण ते फी म्हणून जात नाहीत, आपलेच राहतात. अर्जाआधी दोन महिने, मंजुरीनंतर तीन महिने हात लावायचा नाही, नंतरही 4 लाखांच्या खाली उतरायचं नाही. तिकडे एका बँकेत 10 लाख बाथपर्यंतच्या ठेवीला संरक्षण आहे हेही तुम्हीच सांगितलंत, त्यामुळे ह्यांचा जीव भांड्यात पडला.

ह्या मार्गाला विम्याची अट नाही म्हटल्यावर आम्ही खूश झालो, तर तुम्ही लगेच लगाम घातलात. ‘विमा मागत नाहीत म्हणून आजारपण यायचं थांबत नाही, काकू. हॉस्पिटलसाठी वेगळे काढून ठेवा, नसतील तर येऊ नका.’ येऊ नका! एजंटांच्या तोंडून हा शब्द आम्ही एकदाही ऐकला नव्हता.

पैसे पाठवताना 10 लाख रुपयांवरच्या रकमेला 20 टक्के टीसीएस, म्हणजे बँक आधीच कापून घेते तो कर, लागतो आणि विवरणपत्र भरल्यावर तो वळता होतो, हे आधी सांगून ठेवलं होतंत म्हणून बँकेत आकडा ऐकून मला घेरी आली नाही. मी माझ्या फंडाचे आणि ग्रॅच्युइटीचे पैसे पाठवले. ह्यांचा त्यात एक पैसा नाही, हे मुद्दाम लिहितेय.

हुआ हिनला खातं उघडताना पहिल्या शाखेने हात झटकले. तुम्ही सुट्टी टाकून बँकॉकहून व्हॅनने आलात आणि आम्हाला दुसरीकडे घेऊन गेलात. तिथली मुलगी हसतमुख, नम्र, पण तिनेही दोन्ही फॉर्म ह्यांच्यासमोरच सरकवले. तुम्ही काही न बोलता त्यातला एक उचलून माझ्यापुढे ठेवलात, वर पेन. पासबुक छापून आलं तेव्हा माझं नाव, ह्यांचं नाव आणि आडनाव एका ओळीत मावेना, आडनावाची शेवटची अक्षरं तुटली होती. इमिग्रेशनमध्ये घोळ होईल म्हणून तुम्ही ते दुरुस्त होईपर्यंत खुर्चीवरून हलला नाहीत. आमची घरमालकीण पत्त्याची नोंद करायला टाळाटाळ करत होती, तिच्याशी थाईत काय बोललात देव जाणे, संध्याकाळी कागद हजर, वर आंबे.

तशी माणसं त्या देशात आम्हाला आधीही भेटली होती. 2011च्या पुरात आंग थोंगला पाणी चढलं, तेव्हा शेजारच्या आजीबाईंनी स्वतःचं सामान हलवायच्या आधी नाव आमच्याकडे लावली. भाषा येत नाही, हे लोक घाबरतील, एवढाच हिशेब. परक्याच्या जागी स्वतःला ठेवून बघायला शिक्षण लागत नाही, पैसा तर नाहीच लागत. ज्यांच्या कार्यालयात काचेची टेबलं आणि भिंतीवर प्रमाणपत्रं आहेत त्यांना ते का जमू नये, हे कोडं मला काही सुटलेलं नाही. आमचे आगाऊ पैसे घेतलेल्या गृहस्थांनी हे पत्र वाचलं, तर खाते क्रमांक त्यांच्याकडे आहेच.

तर आता पुढचं. पुतण्याच्या लग्नासाठी इचलकरंजीला जातोय. रि-एन्ट्री परमिट दोघांनीही घेतलंय, 3,800 बाथवालं, कितीही वेळा ये-जा करता येतं ते. ते न घेता निघालो तर वर्षाचा शिक्का बाद, हे तुम्ही इतक्यांदा सांगितलंत की हे झोपेतही म्हणतील. इमिग्रेशनला द्यायची 90 दिवसांची हजेरी परत आल्यावर नव्याने मोजायची, तेही कॅलेंडरवर लिहून ठेवलंय. भाजणी, गोडा मसाला आणि कोकम आणतेच आहे. आणखी काय हवं ते शनिवारपर्यंत कळवा, बॅगेत जागा आहे. आणि त्या दिवशीचं व्हॅनचं भाडं तुम्ही घेतलं नव्हतंत, ते पाकिटात घालून ठेवलंय. नको म्हणालात तर ह्यांच्या शुगरचा आकडा तुम्हाला कधीच सांगणार नाही.

तुमची,
हुआ हिनच्या काकू