डॉक्टर मॅडम, त्या पेल्याबद्दल

आदरणीय डॉक्टर मॅडम,
सप्रेम नमस्कार.

गंजासारखा तांबूस बेडका पडणारा तो खानापूरकडचा फौजी पेशंट आठवतो ना? त्याचा मी धाकटा भाऊ. तुमचं नाव इथं लिहीत नाही, तुम्हाला ते आवडायचं नाही.

दादाला दीड वर्ष टीबीचा पेशंट म्हणून वागवलं. थुंकी निगेटिव्ह, सीबीनॅट ही मशीनवरची टीबीची तपासणीही निगेटिव्ह, तरी एक्स-रेत डाग दिसतो म्हणून गोळ्या चालू. सहा महिने लघवी केशरी होत राहिली, खोकला होता तिथंच. वर ऐकून घ्यावं लागलं, "गोळ्या चुकवल्या असतील." फौजेत वीस वर्षं काढलेल्या माणसाला! रक्ताच्या प्रत्येक रिपोर्टात इओसिनोफिल, म्हणजे अंगात कृमी असले की वाढणाऱ्या पांढऱ्या पेशी, वाढलेले छापून येत होते, पण कागद चाळणाऱ्यांपैकी एकानंही त्या आकड्यावर बोट ठेवलं नाही. खोटं कशाला बोलू, त्याचा राग अजून गेलेला नाही.

तुम्ही फाईल मिटून बाजूला ठेवलीत आणि अडखळत्या मराठीत विचारलंत, "फौजेत कुठं कुठं होतासा? तिकडं काय काय खाल्लासा?" दादा म्हणाला, मणिपूर. ओढ्यातले खेकडे, निखाऱ्यावर जरासे फिरवून. त्यावर तुम्ही पेन खाली ठेवलंत.

मग फुप्फुस धुऊन काढलेलं पाणी सिक्वेन्सिंगला गेलं. कोरोनात बातम्यांतून ऐकलेला हा शब्द आमच्या घरात असा येईल असं वाटलं नव्हतं. सीबीनॅट फक्त टीबीचा जंतू शोधतं. सिक्वेन्सिंगमध्ये नमुन्यातल्या डीएनएचे तुकडे वाचून कुठला तुकडा कुणाचा ते जुळवून बघतात, हे तुम्ही आम्हाला समजावून सांगितलंत. त्यात निघाला पॅरागोनिमस. कॉफीच्या बीएवढा चपटा कृमी. अर्धकच्च्या खेकड्यातून आतड्यात, तिथून वाट काढत छातीचा पडदा भेदून फुप्फुसात, आणि मग वर्षानुवर्षं तिथंच मुक्काम. टीबीसाठी थुंकी रंगवून तपासली तेव्हा त्याची अंडी नजरेतून सुटली होती. न रंगवलेल्या थुंकीत तुम्ही ती आम्हाला दाखवलीत, सोनेरी-तपकिरी, एका टोकाला झाकण असलेली. वहिनी सूक्ष्मदर्शकावरून डोळा काढेना.

पण हे पत्र लिहायला बसलो ते त्या पेल्यासाठी.

दीड वर्ष दादाचं ताट-वाटी वेगळं होतं. वहिनीनं त्याच्या स्टीलच्या पेल्याच्या बुडाला लाल नेलपॉलिशचा ठिपका लावला होता, चुकून पोरांच्या हातात जाऊ नये म्हणून. तिचा काय दोष? सगळ्यांनी तसंच सांगितलं होतं. रिपोर्टच्या दिवशी तिनं थर्मासमधून चहा आणला होता. ठिपक्याचा पेला दादासाठी भरून बाकावर ठेवला, तो तुम्ही उचललात. वहिनी दचकली. "मॅडम, तो ह्यांचा." "ठाऊक आहे," म्हणालात आणि बाकावर दादाशेजारी बसून सगळा चहा प्यायलात. मग सांगितलंत, "वैनी, हे माणसाकडनं माणसाला होत नाही." तोवर दादा भिंतीकडं तोंड करून बसला होता. त्याचे खांदे हलत होते. एवढ्या दिवसांत मी त्याला रडताना पाहिलं नव्हतं.

तुमची भाषा कन्नड, आमची मराठी. बेळगावात पाट्यांवरून काय काय होतं ते तुम्हीही बघता, आम्हीही बघतो. माझ्या आईला कळावं म्हणून तुम्ही एकेक मराठी शब्द हुडकत होता, त्या शब्दांची किंमत आम्हालाच ठाऊक. चांगली माणसं असतात हो मॅडम, अजून असतात. आमचा भरवसा उडत चालला होता.

प्राझिक्वान्टेल हे कृमीवरचं औषध तीन दिवस घेतलं. आता बेडक्यात रक्त नाही. परवा दादा चिखलणीला उतरला, धाकटा पोरगा त्याच्या खांद्यावर. तुम्ही बजावल्याप्रमाणे घरचे खेकडेही आता रस्सा चांगला खळखळ उकळल्याशिवाय ताटात येत नाहीत.

पुढच्या महिन्यात एक्स-रे घेऊन येतो. आणि गणपतीत एक दिवस घरी या, वहिनी रोज विचारते.

आपला नम्र,
फौजीचा धाकटा भाऊ