१४०२ च्या भाडेकरूंबाबत अध्यक्षांना पत्र

प्रति,
मा. अध्यक्ष,
व्यवस्थापन समिती,
गृहनिर्माण संस्था, मुलुंड (पश्चिम), मुंबई

विषय : सदनिका क्र. १४०२ भाड्याने देण्यास समितीने घेतलेली हरकत

महोदय,
सप्रेम नमस्कार.

शनिवारी समितीचे पत्र मिळाले. माझ्या दोन्ही भाडेकरू मुली अविवाहित आहेत, त्यांची ये-जा रात्री-अपरात्री होते, म्हणून ना हरकत दाखला देता येणार नाही, असे त्यात लिहिले आहे. मी या इमारतीत १९ वर्षे राहते आहे. असे पत्र माझ्या दारात येईल असे कधी वाटले नव्हते.

हे घर मी का सोडते आहे ते आपल्याला ठाऊक आहेच. सांगलीला आई एकटी असते, तिला आता उठता-बसताना हाताला धरावे लागते. किती दिवस लागतील सांगता येत नाही. घर कुलूप लावून ठेवले असते तर माझा हिशेब सोपा झाला असता. पण खालच्या १३०२ मध्ये माझ्या बाथरूममधून दोन पावसाळे पाणी झिरपत होते आणि त्यांच्या छताचे पोपडे पडत होते. तसे घर बंद करून जाणे मला जमले नसते. म्हणून फंडातले पैसे काढून सगळेच काम काढले. दोन्ही बाथरूमच्या लाद्या उखडून वॉटरप्रूफिंग केले. नवीन लाद्या बसवण्याआधी पाणी भरून ठेवले आणि खाली एक थेंब आला नाही हे १३०२ च्या वहिनींना बोलावून दाखवले. गंजलेले पाइप बदलले. स्वयंपाकघराचा ओटा नवा केला, वायरिंग पूर्ण नवे घातले. कॉलम-बीमला हात लावू दिला नाही. ठोकाठोक दुपारी दोन ते चार बंद ठेवली, डेब्रिजची पोती रोजच्या रोज खाली नेली. तरी शेजाऱ्यांना अडीच महिने धुळीचा त्रास झाला, त्याबद्दल मी प्रत्येकाच्या दारी जाऊन माफी मागितली आहे. (कामासाठी भरलेली अनामत रक्कम अजून परत मिळालेली नाही, तेवढे पाहावे.)

एवढ्या मायेने उभे केलेले घर मी कुणाच्याही हाती देणार नव्हते. एजंटने सहा जण आणले. या दोघींनी पहिला प्रश्न विचारला तो खिडकीतल्या तुळशीला पाणी किती घालायचे हा. दोघीही महापालिकेच्या रुग्णालयात परिचारिका आहेत, एक रत्नागिरीकडची, एक बीडची. ड्युटी तीन पाळ्यांत असते, तेव्हा कधी रात्री साडेदहाला लिफ्टमध्ये दिसतील, कधी सकाळी आठला दमून परत येतील. यात वॉचमनने वहीत खुणा करण्यासारखे काय आहे?

मी स्वतः १९८७ साली टेलिफोन एक्स्चेंजमध्ये लागले तेव्हा परळला एका कुटुंबात राहत होते. संध्याकाळची पाळी दहाला सुटायची. घरमालकीणबाई माझे ताट झाकून ठेवायच्या आणि दाराला कडी न लावता जाग्या राहायच्या. त्यांनी "एकटी मुलगी नको" म्हटले असते तर मला नोकरी सोडून गावी परतावे लागले असते.

आता नियमाचे. आपली संस्था २०१४ च्या आदर्श उपविधींवर, म्हणजे गृहनिर्माण संस्थांसाठीच्या नमुना नियमावलीवर चालते. त्यातल्या ४३ व्या उपविधीनुसार सदनिका भाड्याने द्यायला संस्थेची परवानगी लागत नाही. कराराची आणि पोलिसांना कळवल्याची प्रत आठ दिवस आधी द्यायची असते. मी दोन्ही १२ तारखेला कार्यालयात दिल्या, पोचही घेतली. भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे करार नोंदवलेला आहे. भाडेकरू विवाहित असावा अशी अट उपविधीत कुठेही नाही. ती घालायची असेल तर सर्वसाधारण सभेत दोन तृतीयांश बहुमत आणि त्यानंतर सहकारी संस्थांच्या निबंधकांकडे नोंदणी लागते. समितीच्या बैठकीत पाच जणांनी ठरवून ती लागू होत नाही.

दुसरे म्हणजे भोगवटेतर शुल्क, म्हणजे मालक स्वतः न राहता घर भाड्याने देतो तेव्हा संस्था घेते ते शुल्क. माझ्या बिलात सेवाशुल्क ३,२०० रुपये आहे. १ ऑगस्ट २००१ च्या शासन आदेशाप्रमाणे त्याच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त घेता येत नाही, म्हणजे ३२० रुपये. तेवढे मी दरमहा आनंदाने भरीन. पत्रात मागितलेले १,५०० भरणार नाही.

इमारतीच्या सुरक्षेची काळजी मलाही आहे. दोघींना मी आठव्या मजल्यावरची रेफ्युज जागा (आगीच्या वेळी सुरक्षित थांबण्याची मोकळी जागा) दाखवली, आग लागल्यास लिफ्ट न वापरता कुठल्या जिन्याने उतरायचे ते प्रत्यक्ष चालून दाखवले. आपल्यातल्या किती जणांनी तो जिना शेवटचा कधी उतरला, तेही एकदा विचारायला हवे. कुणाच्या घरी रात्री छातीत दुखू लागले तर चौदाव्या मजल्यावर दोन परिचारिका असणे मला तरी आधाराचे वाटते. पण त्या उपयोगी पडतील म्हणून नव्हे, त्यांनी रीतसर घर घेतले आहे म्हणून त्यांना इथे राहता आले पाहिजे.

तेव्हा समितीने पत्र लेखी मागे घ्यावे आणि दोघींचे गेटपास तयार करावेत. मला उपनिबंधकांकडे तक्रार करायची नाही. एवढ्या वर्षांच्या शेजारानंतर ते मला फार जड जाईल. पण उत्तर आले नाही तर करीन.

त्यांचे सामान ३० तारखेला सकाळी दहाला टेम्पोने येते आहे. दोन कपाटे, दोन पलंग आणि एक फ्रिज आहे. मालवाहू लिफ्ट दहा ते बारा राखून ठेवावी. माझी सांगलीची गाडी रात्रीची आहे, तोवर मी खालीच असेन.

आपली,
सभासद, सदनिका क्र. १४०२