आज चढू नकोस, रोप धर

प्रिय दादा,

सप्रेम नमस्कार.

हे सगळं फोनवरही सांगता आलं असतं. पण कुणी आभार मानायला लागलं की तुम्ही "बरं, जेवलीस का?" म्हणून विषय बदलता, हे 19 वर्षांत पुरतं कळलंय. म्हणून चार लोकांसमोर लिहिते. आपल्या कातळ चढणाऱ्या ग्रुपमधले वाचतील आणि ज्यांनी कधी कातळाला हात लावला नाही तेही वाचतील. तुम्ही कोण आहात हे त्यांनाही कळू दे.

मागच्या महिन्यात मुंब्र्याला आपला शेवटचा रविवार झाला. लालबागची तुमची खोली रिकामी झाली, माळ्यावरचं सामान खाली आलं, ग्रुप बंद झाला. त्या दिवशी सगळे काही ना काही बोलले. माझ्या तोंडून शब्द फुटला नाही. तेव्हा राहिलेलं आज लिहिते आहे.

मी डोंबिवलीची. कॉलेजला आणि पुढे नोकरीला जायला रोजची स्लो लोकल. दिवा गेलं, मुंब्रा आलं की एका अंगाला खाडी आणि दुसऱ्या अंगाला पारसिकचा डोंगर. मुंब्रादेवीच्या पायऱ्या आणि काळेकभिन्न कडे. डब्यातल्या बायका तोवर भाजी निवडायला बसलेल्या असायच्या, मी खिडकीतून डोंगर बघायची. 2006च्या नोव्हेंबरात एका रविवारी बँकेच्या परीक्षेला चालले होते. कड्यावर लाल हेल्मेट घातलेलं एक माणूस दिसलं. मुंगीएवढं. गाडी पुढे गेली. परीक्षेत मी काय लिहिलं ते आज आठवत नाही, ते हेल्मेट मात्र आठवतं. पुढच्या रविवारी मी मुंब्र्याला उतरले आणि विचारत विचारत वर आले.

तुम्ही नाव विचारलं नाही, फी सांगितली नाही. "नाश्ता केलायस?" एवढंच विचारलंत आणि अर्धा वडापाव पुढे केलात. त्यानंतर दोन तास मला कातळाला हात लावू दिला नाहीत. रोप, म्हणजे चढायचा दोर, कमरेला बांधायची आठच्या आकड्यासारखी गाठ, आठची गाठ. मारायची, सोडायची, परत मारायची. गाठ मारून झाली की समोरच्याला दाखवायची, समोरच्यानं बोट लावून तपासायची, मग त्याची आपण तपासायची. पन्नास वेळा चढलेला असो की पहिल्यांदा आलेला, तपासल्याशिवाय पाय उचलायचा नाही. त्यानंतर बिले. चढणाऱ्याचा रोप खालून सांभाळायचा, तो वर सरकेल तसा ओढून घ्यायचा, तो निसटला तर जागच्या जागी धरायचा. रोप अडवून धरणारा हात, म्हणजे ब्रेकचा हात, रोपवरून सुटता कामा नये. नाकावर माशी बसली तरी नाही, फोन वाजला तरी नाही. तुम्ही म्हणालात, "वर जायला सगळ्यांनाच आवडतं. खाली उभं राहायला आधी शिक."

कातळाशी ओळखही तुम्हीच करून दिलीत. हा आपला सह्याद्री लाव्ह्याचा, साधारण 6.6 कोटी वर्षांपूर्वीचा. थरावर थर साचत गेला, थंड होताना भेगाळला, आत वायूचे बुडबुडे अडकून पोकळ्या राहिल्या. म्हणून एक खाच अशी की तिच्यावर जीव टाकावा, आणि वीतभर बाजूची दुसरी हातात निघून येते. "आधी दार वाजव," तुम्ही म्हणायचात. बोटांच्या पेरांनी ठोकायचं. टणटणीत वाजलं तर धरायचं, बद्द वाजलं तर दुसरीकडे बघायचं. अजूनही कुठल्या किल्ल्यावर गेले की माझा हात आपोआप दगड ठोकतो.

घरी कळलं तेव्हा आई दोन दिवस बोलली नाही. बाबा बोलले, पण त्याहून बरं ते न बोलते तर. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी दारात तुम्ही उभे, खांद्यावर रोपचं अख्खं बंडल. माझी बाजू मांडायला आला असाल असं मला वाटलं. तुम्ही ते बंडल बाबांच्या मांडीवर ठेवलंत. बाबा रेल्वेच्या वर्कशॉपमध्ये फिटर होते. त्यांनी आधी टोक बघितलं. वरचं रंगीत विणलेलं आवरण आणि आत पिळाच्या पांढऱ्या दोऱ्या. अंगठ्यानं दाबून बघितलं. "किती वजन पेलतो?" तुम्ही सांगितलंत की नुसतं पेलून भागत नाही, ताणलाही गेला पाहिजे. अजिबात न ताणणाऱ्या रोपवर माणूस पडला तर रोप तुटणार नाही, माणूस तुटेल. मग चाचणी समजावलीत. 80 किलोचं वजन पुन्हा पुन्हा खाली सोडतात, निदान 5 वेळा तरी रोपनं ते झेललं पाहिजे, आणि पहिल्या झटक्याचा जोर 12 किलोन्यूटनच्या वर जाता कामा नये. बाबांनी वर्तमानपत्राच्या कडेला पेन्सिलीनं आकडा मांडला, 1200 किलोच्या आसपास, आणि तुमच्याकडे बघून मान हलवली. पोरीला सांभाळीन असं वचन तुम्ही दिलं असतंत तर बाबांनी तुम्हाला चहा पाजून वाटेला लावलं असतं. तुम्ही त्यांना समजेल अशा भाषेत खरं काय ते सांगितलंत. त्या रात्री आईनं तुम्हाला जेवायला थांबवलं.

पुढच्या डिसेंबरातली गोष्ट. आपल्या नेहमीच्या उभ्या कड्यावर, जमिनीपासून 40-50 फुटांवर मी अडकले. खाली यायचं धैर्य नाही, वर हात कुठे टाकायचा ते दिसेना. उजवा पाय आपोआप थडथड उडायला लागला, मी थांबवू म्हटलं तरी थांबेना. खाली पोरं ओरडत होती, "कम ऑन, जमेल तुला!" तुम्ही त्यांना गप्प केलंत. मग तुमचा आवाज आला, रोज बोलता तसाच. "टाच खाली कर." मी केली. पाय थांबला. इतकं साधं होतं ते! चवड्यावर उंच उभं राहिलं की पोटरी भरून येते आणि पाय नाचतो, टाच खाली गेली की स्नायूला आराम मिळतो. हे मला नंतर कळलं. त्या क्षणी एवढंच कळलं की खालच्या माणसाला माझ्या टाचेपर्यंतचं सगळं दिसतंय. "आता श्वास सोड. घाई नाही. मी आहे." मी 20 मिनिटं तिथे होते. रोप एकदाही ढिला पडला नाही, एकदाही ओढला गेला नाही. मग डाव्या गुडघ्याच्या बाजूला, मघापासून तिथेच असलेली एक खाच मला दिसली.

संध्याकाळी तुम्ही वही काढलीत. लांबट, लाल पाठीची, किराणा दुकानात असते तशी. प्रत्येक रोपला एक पान. कधी घेतला, कुठे कुठे नेला, कोण पडलं, किती उंचीवरून, आवरणाला कुठे खरचटलं. माझ्या नावापुढे लिहिलंत, "पडली नाही. 20 मिनिटे थांबली. गेली." नोकरीत पुढे बढत्या मिळाल्या, प्रशस्तिपत्रकं मिळाली. ह्या एका ओळीची सर त्यांना आली नाही.

तुमच्या चाळीत पावसाळ्यापूर्वी रोप धुवायचा कार्यक्रम असायचा. बादलीत साधं पाणी, मग गॅलरीत सावलीत वाळत टाकायचा, उन्हात नाही, कारण उन्हानं नायलॉन मरतं. शेजारच्या काकू कपड्यांची दोरी रिकामी करून द्यायच्या. वाळला की तुम्ही जमिनीवर मांडी घालून बसायचात आणि सगळाच्या सगळा, 60 मीटर, बोटांतून सरकवायचात. डोळे मिटून. कुठे मऊ लागतो, कुठे चपटा झालाय. आम्ही शेजारी बसून गप्पा मारायचो, तुम्ही हं हं करायचात आणि बोटं चालू. माझा जीव कुणाच्या बोटांनी तपासला जातोय, हे तेव्हा डोक्यात आलं नव्हतं. मूल झाल्यावर आलं.

किती तऱ्हेची माणसं तुम्ही गोळा केलीत दादा! विरारहून दोन गाड्या बदलून येणारा इलेक्ट्रिशियन, परळच्या रुग्णालयातली नर्स रात्रपाळी संपवून थेट, कुर्ल्याचा कॉलेजातला पोरगा ज्याच्याकडे शूज नव्हते आणि ज्याला अर्ध्या ग्रुपनं पगारातून शंभर-शंभर काढून शूज घेऊन दिले. कोण किती कमावतो, कोण कुठल्या आळीतला, हे विचारायची वेळच यायची नाही. त्याचा रोप माझ्या हातात, माझा त्याच्या हातात, मग आणखी काय ओळख हवी? मोहरीहून बोराट्याच्या नाळेच्या घळीनं उतरून लिंगाण्याच्या सुळक्याला गेलो, तिथल्या गुहेत रात्रभर दाटीवाटीनं बसलो, समोर रायगड चांदण्यात. नर्सताई सगळ्यांच्या पायांचे फोड बघत फिरत होती. ती रात्र मी कुणालाच नीट सांगू शकत नाही. तिथे असलेल्यांना सांगावी लागत नाही.

आता ज्याच्यासाठी हे पत्र लिहायला घेतलं ते.

2012च्या जानेवारीत बाबा गेले. अचानक. ग्रुपमधले 14 जण स्मशानात होते, मी कुणालाही कळवलं नव्हतं. तेराव्यानंतर मी घरात भिंतीकडे बघत बसायची. लोक येत, धीर धर म्हणत, जात. शनिवारी रात्री तुमचा फोन आला. "उद्या ये." मी म्हटलं, दादा, माझ्यानं चढवणार नाही. तुम्ही म्हणालात, "आज चढू नकोस, उद्याही नको. रोप धर. माणूस कमी आहे."

माणूस कमी नव्हता. मी आले तर 11 जण होते. पण दिवसभर तुम्ही बिलेला मलाच उभं केलंत. एक उतरला की दुसरा. गाठ तपास, रोप घे, वर बघ. तो कुठे पाय टाकतोय, हात थकलाय का, रोप द्यायचा की घ्यायचा. त्या कामात मनाला दुसरीकडे जायला जागाच नसते. सकाळी सातपासून दुपारी बारापर्यंत मी बाबांच्या जाण्याचा विचार केला नाही, 15 दिवसांत पहिल्यांदा. मग इलेक्ट्रिशियन वरून ओरडला, "पडतोय!" आणि पडला. रोप ताणला गेला, मी पावलभर पुढे ओढली गेले आणि तो थांबला. हवेत लोंबकळत त्यानं खाली बघितलं आणि म्हणाला, "थँक यू गं." तेव्हा मी रडले. ब्रेकचा हात न सोडता रडले. तुम्ही मागे येऊन उभे राहिलात, काही बोलला नाहीत, माझ्या मागचा रोप फक्त हातात धरून ठेवलात.

दादा, त्या दिवसाचे आभार मी कधी मानले नाहीत. आज मानते.

ग्रुप का बंद झाला, हे बाहेरचे विचारतात. चाळ पुनर्विकासाला गेली, सामान ठेवायला जागा नाही. तुमचे गुडघे. लेकीकडे नाशिकला जाणं. आमच्यातले निम्मे पुण्याला, परदेशात, नाहीतर रविवारीही कामावर. कुणाचा दोष नाही. आणि चढणं काही थांबलेलं नाही, उलट वाढलंय. 2016च्या मे महिन्यात नवी मुंबईत बाउल्डरिंगचा, म्हणजे रोपशिवाय कमी उंचीच्या भिंती चढण्याचा, वर्ल्ड कप भरला तेव्हा आपण सगळे गेलो होतो. तुम्ही चार तास त्या परदेशी पोरांच्या पायांकडे बघत होतात आणि येताना गाडीत म्हणालात, "काय पाय टाकतात, सुंदर!" पुढे टोकियो ऑलिंपिकमध्ये हा खेळ आला तेव्हा सकाळीच तुमचा फोन. आता शहरात कृत्रिम भिंती झाल्यात, लहान मुलं तिथे शिकतात, ते चांगलंच आहे. भिंतीवर कौशल्य लवकर येतं हे मी स्वतः बघितलंय. पण तिथे तासाचे पैसे भरून आपण येतो आणि तास संपला की निघतो. कुणाच्या घरी तेरावं झालं हे तिथे कुणाला कळणार? मला ही खंत आहे, आणि ती मी लपवणार नाही.

शेवटच्या रविवारी तुम्ही सगळं सामान ताडपत्रीवर मांडलंत. चांगले कॅराबिनर (रोप अडकवायच्या धातूच्या कड्या) आणि हार्नेस (कमरेचे पट्टे) कॉलेजच्या पोरांना वहीत सही घेऊन दिलेत. 10 वर्षं झालेले रोप कुणाला द्यायचे नाहीत, दिसायला धड असले तरी. ते तुम्ही कापलेत. गरम सुरीनं, टोकं वितळवून, हातहातभर. त्या जळक्या नायलॉनचा वास अजून नाकात आहे. तुकडे वाटताना वहीत बघून वाटत होतात. ज्याचा जो रोप, त्यालाच तो. माझ्या हातात निळा-पिवळा आला, 2012 सालचा. तो रोप निवृत्त होऊनही तुम्ही इतकी वर्षं ठेवला होतात.

तो तुकडा आमच्या दाराच्या कडीला असतो. लेक आठ वर्षांची आहे. मी शिकवलं नव्हतं, बघून बघून शिकली असावी. परवा स्वयंपाकघरात आली, कमरेभोवती रोप, पुढे आठची गाठ. म्हणाली, "आई, चेक कर."

मी पोळी तव्यावर टाकून गाठीला बोट लावलं. गाठ बरोबर होती. टोक जरा लहान राहिलं होतं, वीतभर हवं. सोडून परत मारायला सांगितली.

तुमची,
डोंबिवलीची, 20 मिनिटे थांबलेली