चाकाखालचा दगड

चि. वैशालीस,
अनेक आशीर्वाद.

परवा तू विचारलंस, कॅनडाच्या वाहतूक सुरक्षा मंडळाच्या सदस्यपदासाठी अर्ज करू का नको. मी "बघ बाई" म्हणून फोन आईकडं दिला. फोनवर मला बोलायला सुधरत नाही, म्हणून कागद घेतला.

अपघातांचा तपास करणाऱ्या त्या मंडळाचा लाक-मेगाँटिक गावातल्या रेल्वे अपघाताचा अहवाल तुझ्या भावानं मला मराठीत सांगितला. दोन संध्याकाळी गेल्या. 2013 चा जुलै, कच्च्या तेलाचे 72 टँकर ओढणारी रेल्वे रात्री उतारावर उभी, एकटाच चालक, तोही झोपायला गेलेला. इंजिनाला आग लागली, विझवताना इंजिन बंद केलं. हवा भरणारा कॉम्प्रेसर थांबला, ब्रेकातली हवा उतरत गेली. हातब्रेक सातच आवळलेले, लागत होते किमान 17. गाडी सुटली ती थेट गावात. 47 माणसं गेली.

मी लगेच बोललो, चालकाची चूक! पोरगा म्हणाला, थांबा आप्पा, अहवालात 18 कारणं आहेत. त्यात एक म्हणजे आठ महिन्यांपूर्वीची इंजिनाची दुरुस्ती, इपॉक्सी गोंदासारखं काहीतरी भरून उरकलेली. मिस्त्री माणूस मी. पुढचं सांगू नको म्हटलं त्याला.

तुला कधी बोललो नाही. तू चौथीत असताना आमच्या गॅरेजचा एक ट्रक मार्केट यार्डातून गूळ भरून कोकणात निघाला होता. ड्रायव्हर आपल्याच गल्लीतला. तीनदा सांगितलं होतं त्यानं, "मिस्त्री, हवा टिकत नाही." मी तीनदा वहीत लिहिलं. मालक म्हणाले, एवढी ट्रिप होऊ दे. गगनबावड्याला चहाला थांबला, हातब्रेक ओढला, चाकाखाली दगड लावला. दगड निसटला आणि गाडी मागं आली. क्लीनरचा पाय गेला. दुसऱ्या दिवशी ऑफिसात विचारलं तेव्हा ड्रायव्हर खरं बोलला, "दगड बारका होता." तेवढंच लिहून घेतलं आणि त्याला काढला. वही माझ्या काखेत होती. मी ती उघडली नाही.

तुमच्या तिकडं साक्षीदार तपासात जे सांगतो ते कायद्यानं झाकून ठेवतात म्हणे. कुणाचा गुन्हा हे ठरवणं मंडळाचं कामच नाही. तपास करणारे वेगळे. तुम्ही सदस्य जास्तीत जास्त पाच जण, त्यांचा मसुदा तपासून पक्का करायचा आणि शिफारस करायची. मंत्र्यांनी ती मानलीच पाहिजे असं नाही, 90 दिवसांत उत्तर मात्र द्यायचं. (आपल्याकडं रेल्वे अपघात तपासणारे रेल्वे सुरक्षा आयुक्त विमान वाहतूक खात्याकडं आहेत, रेल्वेकडं नाहीत. तपासणारा रेल्वेच्याच हाताखालचा नको, हे आत्ता कळलं मला.)

हुकूम चालत नाही, नुसतं सांगायचं, त्यात काय राम, असं तू म्हणालीस. मला नाही तसं वाटत. माझ्या वहीतल्या त्या तीन ओळींवर मालकांकडं कुणी लेखी उत्तर मागितलं असतं, तर दुसऱ्याच दिवशी व्हॉल्व्ह बदलला असता. अर्ध्या तासाचं काम होतं ते.

वही माळ्यावर आहे. ग्रीसचे डाग पडलेत, पण वाचता येतं. दिवाळीला आलीस की काढून ठेवतो. आईनं कांदा-लसूण चटणी केलीय, डबा आणायला विसरू नको.

अर्जाची शेवटची तारीख कळव.

तुझे,
आप्पा