आधी शिट बघ, मग बाटली उघड

चिपळूण,
श्रावणातला रविवार

प्रिय बंड्या,

स. न. वि. वि.

काल रात्री तू फोनवर जे सांगितलंस त्यातलं अर्धं इकडच्या पावसाच्या आवाजात गेलं. उरलेल्यावरून एवढं कळलं, की सातातली एक कोंबडी गेली, दोन-तीन मलूल आहेत, अंडी बंद झालीत आणि तू जंताच्या औषधाची बाटली आणून ठेवली आहेस. ती बाटली आजच्या दिवस फडताळातच राहू दे. फोनवर सांगितलं असतं तर 'हो रे, हो रे' करून तू मला वाटेला लावलं असतंस, म्हणून बसून लिहितोय.

आधी माझा पराक्रम ऐक. दोन पावसाळ्यांपूर्वी माझ्याकडे चौदा होत्या, सगळ्या गावरान. आषाढ संपता संपता त्यांचे तुरे फिके पडले. खाणं बरं चाललं होतं, पण हातात उचलली की छातीचं हाड सुरीसारखं लागायचं. मी म्हटलं, जंत. दुसरं काय असणार! दुकानातून पिपराझिन आणलं, आदल्या रात्री पाण्याची भांडी काढून घेतली आणि सकाळी तहानलेल्या कोंबड्यांपुढे औषधाचं पाणी ठेवलं. दुसऱ्या दिवशी शिटेत शेवईसारखे चार-पाच जंत पडलेले पाहिले आणि मी असा खूश, जणू किल्ला सर केला. हिला बोलावून दाखवले. ती नाक मुरडून आत गेली.

पण कोंबड्यांच्या अंगावर मांस काही चढेना. तीन आठवड्यांनी पुन्हा औषध दिलं, तेच. तिसऱ्यांदा माप वाढवून दिलं, आणि हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही. त्याच आठवड्यात काळी मेली. तुला ती आठवत असेल, तू आला होतास तेव्हा पायरीवर येऊन तुझ्या बशीतला टोस्ट पळवणारी. मी ती पिशवीत घालून, वर बर्फ टाकून गुरांच्या दवाखान्यात नेली.

डॉक्टरांनी तिथेच कात्री घेतली. आतडं लांबवर उभं चिरलं आणि पाणी भरलेल्या पांढऱ्या ट्रेमध्ये सोडलं. क्षणभर काही दिसेना. मग पाणी निवळलं तशा आतड्याच्या आतून पांढऱ्या चपट्या फिती हलायला लागल्या, कंदिलाची वात असते ना, तशा, पण त्याहून बारीक. एक टोक मोकळं, दुसरं आतड्याला घट्ट चिकटलेलं. डॉक्टरांनी चिमट्याने एक ओढली तर ती तुटली, डोकं आतच राहिलं. बाहेरच्या अंगाला मोहरीएवढ्या गाठी होत्या. मी घाबरून विचारलं, हा क्षय तर नाही? ते म्हणाले, पुष्कळांना तसंच वाटतं, पण या पट्टकृमीच्या डोक्यांनी झालेल्या गाठी. मग माझ्याकडे बघून म्हणाले, "पिपराझिन यांना पाण्यासारखं. तुम्ही तीन वेळा पाणीच पाजलंत."

मला हे ठाऊकच नव्हतं, की पिपराझिन फक्त गोल जंतांचं औषध आहे, तेही मोठ्या झालेल्या. ते जंताला मारत नाही, लुळा करतं, आणि मग तो शिटेबरोबर वाहून जातो. आतड्याच्या अस्तरात दडलेली पिल्लं तशीच राहतात, म्हणून तीन-एक आठवड्यांनी दुसरा डोस. गोल जंताची मादी 7 ते 12 सेंटिमीटर भरते, शिटेत पडली तर डोळ्यांना सहज दिसते. पट्टकृमी तसा अख्खा दिसत नाही. त्याचे तुकडे पडतात, शिजलेल्या तांदळाच्या कणीएवढे, आणि ताज्या शिटेवर नीट पाहिलं तर ते किंचित वळवळतात. मी दोन महिने रोज ते झाडून टाकत होतो. मला वाटायचं, रात्रीच्या भाताची शितं आहेत!

तेव्हा उद्या संध्याकाळी खुराड्यातल्या दांडीखाली जुनं वर्तमानपत्र अंथर. सकाळी कोंबड्या सोडल्यास की चहाच्या आधी ते बाहेर उजेडात आण आणि काडीने उकलून बघ. एक मात्र सांगून ठेवतो, दर आठ-दहा शिटांमागे एखादी तपकिरी, चिकट, मळमळवणारी असते. ती आंधळ्या आतड्यातली, अगदी निरोगी कोंबडीचीही तशीच. तिला हगवण समजू नकोस, मी समजलो होतो. बाकीच्यातून मोठ्या सुपारीएवढा ऐवज झाकणाच्या डबीत घाल आणि त्याच सकाळी दवाखान्यात दे. मिठाच्या घट्ट पाण्यात ढवळून सूक्ष्मदर्शकाखाली बघतात, जंतांची अंडी वर तरंगून येतात. पुढच्या वेळी एखादी मेली तर पुरायच्या आधी फोन कर, आता गेली तिचं राहिलंच.

पट्टकृमी निघाले तर त्यांना प्राझिक्वांटेल लागतं, माझ्या डॉक्टरांनी वजनाच्या दर किलोला 10 मिलिग्रॅम धरून दिलं. वजन अंदाजाने धरायचं नाही. भाजीच्या काट्याला पिशवी लावून एकेक तोलली, तर मी दोन किलो समजत होतो त्या सव्वा-दीड किलोच्या निघाल्या. माझं आधीचं वाढवलेलं माप मग किती पडलं असेल ते तूच धर. गोळी कुटून, गुळाच्या पाण्यात कालवून, सिरिंजने चोचीच्या कडेने थेंब थेंब. घाई केलीस तर श्वासनळीत जातं.

औषधानंतर दोन आठवडे अंडी खायची नाहीत, विकायची तर नाहीतच, असं आमच्या डॉक्टरांनी बजावलं होतं. औषध बदललं की दिवस बदलतात, तेव्हा तुझ्या डॉक्टरांना विचारून घे. बाटलीवर नुसतं 'गुरांसाठी' असेल तर तो हिशोब त्यावर मिळणार नाही. तुझ्या सुनेला दिवस गेलेत, घरातली अंडी तीच खाते ना? मग हे आधी.

आता खरी गोम. पट्टकृमी कोंबडीकडून कोंबडीला सरळ जात नाही. त्याची अंडी मुंग्या, शेणकिडे, भुंगे खातात, काही जातींची अंडी माश्याही, आणि तो किडा कोंबडीने टिपला की काम झालं. माझ्या खुराड्याच्या पायाशीच मुंग्यांचं मोठं वारूळ होतं, आणि मी कौतुकाने बघायचो की कोंबड्या कशा मुंग्या वेचतात. खाद्य आयतं म्हणून! गोल जंतांचं वेगळं. त्यांची अंडी मातीत पडली की ओल आणि ऊब मिळाल्यावर दोन-तीन आठवड्यांत बाधणारी होतात आणि पुढे कित्येक महिने टिकतात. गांडुळांतूनही ती पोटात जातात. चुन्याला फारशी दाद देत नाहीत, कडक ऊन आणि कोरडेपणा मात्र त्यांना सोसत नाही. म्हणून नुसतं औषध देऊन त्याच चिखलात सोडल्या तर दोन महिन्यांत पुन्हा तेच. मी वारूळ हलवलं, खुराडं दीड फूट उचलून जाळीच्या तळाचं केलं, परसाचे बांबू लावून दोन भाग केले. एका भागात कोंबड्या, दुसऱ्यात नांगरून भाजी. जाळीखाली भाताचं तूस घालतो आणि ओलं झालं की त्याच दिवशी काढतो, त्यात आळस नाही. तुझ्याकडे साताऱ्याला इतका पाऊस नाही, तुझं ऊन तुझं अर्धं काम करेल.

वावडिंग, पळसपापडी, लसूण या जंतांवरच्या घरगुती उपायांबद्दल तू विचारलंस. लसूण खुशाल घाल, मीही घालतो, त्याने नुकसान नाही. पण त्यावर विसंबून डबी न्यायची टाळू नकोस. तंबाखूचं पाणी कोणी सांगितलं तर त्याला चहा पाजून वाटेला लाव. पूर्वी देत असत म्हणे, पण निकोटिन कोंबडीला मारायला थोडंसंच पुरतं. हिरवा पाला मात्र रोज टाक, शेवग्याचा, मेथीचा. अ जीवनसत्त्व कमी पडलं की गोल जंतांचा जोर वाढतो.

पिल्लं आणशील तेव्हा वेगळी काळजी. तीन ते आठ आठवड्यांच्या पिल्लांच्या शिटेत रक्त दिसलं तर ते जंत नव्हेत, रक्ती हगवण, कॉक्सिडिया. त्यात दोन दिवस वाट बघणं म्हणजे निम्मी गमावणं. अँप्रोलियमची 20 टक्क्यांची भुकटी मिळते, लिटरला 0.6 ग्रॅम, पाच दिवस. त्या दिवसांत बी-कॉम्प्लेक्स द्यायचं नाही. हे औषध बी-1 जीवनसत्त्वाच्या जागी घुसूनच त्या जंतूला मारतं, तेव्हा वरून बी-1 दिलंस तर औषधाची धार जाते. मला हे उलटं वाटायचं, अशक्त पिल्लाला टॉनिक द्यावं.

आणि एका रात्रीत तीन-चार मेल्या, हिरवी पातळ शिट, माना वळलेल्या, असं दिसलं तर जंत विसर. ती मानमोडी असू शकते, म्हणजे राणीखेत. हे नाव उत्तराखंडातल्या राणीखेतवरून पडलं, 1927 साली तिथे हा रोग नोंदला गेला. त्याला औषध नाही, लसच. तेव्हा कापायचं नाही, विकायचं नाही, शेजाऱ्याला द्यायचं नाही, दवाखान्यात कळवायचं. बर्ड फ्लूही असाच सुरू होतो.

अंडी बंद झाली यातलं थोडं मात्र पावसावर घाल. ढगाळ दिवसांत उजेड कमी पडतो, अंड्याला दिवसाचे 14 ते 16 तास उजेड लागतो. पिसं गाळणारी कोंबडीही अंडी देत नाही. आणि गावरानने वर्षाला साठ-सत्तर दिली तरी तिने तुझं देणं फेडलं.

माझ्या त्या चौदातल्या नऊ उरल्या. काळीची पोर, ती तांबडी तलंग, आता माझ्याच पायरीवर बसते, पण टोस्टला तोंड लावत नाही. भाकरी मागते.

डबी दिलीस की निकाल कळव. पुढच्या शनिवारी मी साताऱ्याला येतोय, भाजीचा काटा बरोबर आणतो. वहिनींना सांग, जेवायला अंडं नको.

तुझा,
अण्या